आयोवरचं लांबट कडं

मखमलाबादच्या मळ्यात झेंडू-शेवंती पिकवणाऱ्या घरातली साधना नाशिकच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवते. जीव मात्र तिचा गुरू ग्रहाच्या आयो नावाच्या चंद्रावर. तिथले ज्वालामुखी गंधकाचा वायू शेकडो किलोमीटर वर फेकतात. हवा जवळजवळ नाहीच, म्हणून तो छत्रीसारखा पसरतो आणि गोठून जमिनीवर कडं उमटवतो. तो वाहतो कसा, हे साधना कॉम्प्युटरवर वायूचे कोट्यवधी आभासी कण सोडून पाहते.

"तिथं माणसं राहत्यात का?" तिची आई नवसाबाईनं एकदा हार ओवता ओवता विचारलं.

"नाय गं."

"मग तुला कशाला एवढा घोर?"

साधनाला हसू आलं. "काय चाललंय ते कुणाला तरी कळायला नको?"

एका ज्वालामुखीनं तिला फार छळलं. यानानं काढलेल्या फोटोत त्याच्याभोवतीचं कडं लांबट होतं. साधनाच्या कॉम्प्युटरवरचं दरवेळी गोल गरगरीत. बंगळुरूची परिषद तोंडावर आली, तसा तिचा सहकारी ज्ञानेश म्हणाला, "मॅडम, फोटो तिरका आलाय म्हणून सांगू. कोण विचारतंय?"

"मी विचारतेय ना!"

परिषदेत तिनं दोन्ही चित्रं शेजारी-शेजारी लावली आणि सरळ सांगितलं, "माझं जुळत नाही. का, ते अजून कळलेलं नाही." टाळ्या जेमतेम पडल्या.

परतल्यावर तिनं एकेक गृहीत तपासायला घेतलं. वेग बदलला, तापमान बदललं, धूळ मिसळली. कडं गोलच. मग तिचं लक्ष वायू जिथून बाहेर पडतो त्या तोंडाकडे गेलं. हिशोबाला सोपं म्हणून ते तिनंच गोल धरलं होतं! उष्णतेच्या फोटोंत तर तिथं पूर्व-पश्चिम पसरलेली लांब, वाकडी भेग दिसत होती. तिनं तीच भेग कॉम्प्युटरला दिली.

उत्तर आलं तेव्हा ज्ञानेशचा चेहरा पडला. "उलटंच झालं की! भेग पूर्व-पश्चिम आणि कडं उत्तर-दक्षिण लांब?"

"अरुंद भेगेतून सुटलेला वायू भेगेच्या लांबीला आडवा जास्त फाकतो," साधना म्हणाली. "आता फोटो बघ."

फोटोतलं कडंही उत्तर-दक्षिणच होतं. ज्ञानेशनं फोटो जवळ ओढला. "आणि मी हे झाकायला निघालो होतो..."

"चहा घेऊ चल," ती म्हणाली. "मग भेग थोडी बदलून हिशोब पुन्हा चालवू. चुकून जुळलं नसेल ना?"

चुकून नव्हतं. पुढच्या वर्षी त्यांचा शोधनिबंध छापून आला.