पाहुणीचा गिलास

हे लिहू की नको, असं बरेच दिवस चाललं होतं. मॅडमनी वाचलं तर काय, ही भीती होती. ती आता थोडी कमी झाली आहे. राग कमी झालेला नाही.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. बाबा मिस्त्रीकाम करतात. नागपुरात हुडकेश्वरकडे नवे लेआउट पडत गेले, त्यातली किती घरं त्यांच्या हातची आहेत ते त्यांनाही सांगता येणार नाही. आमचं दोन खोल्यांचं घरही त्यांनीच बांधलं. आमच्या कॉलेजात परदेशातले काही विद्यार्थी एका सत्रासाठी येतात आणि आपल्यातल्याच कोणाच्या तरी घरी राहतात. ज्यांनी पाहुणा ठेवला, त्यांचा पुढे तिकडे जाण्यासाठी आधी विचार होतो. मला जायचं होतं. म्हणून मी अर्ज केला. घरी विचारलं ते नंतर.

घर बघायला आमच्या कॉलेजच्या मॅडम आल्या. आईनं पाणी पुढे केलं तर म्हणाल्या, "राहू द्या, माझ्याकडे बाटली आहे." चहालाही नाही म्हणाल्या. आई ट्रे धरून तशीच उभी राहिली, मग आत गेली. जाताना मॅडमनी माझ्या हातात सूचनांचा एक कागद दिला. पाणी उकळून द्यावं. तिखट कमी घालावं. पाहुण्याचं ताट, वाटी, गिलास वेगळा ठेवावा, घरातल्या इतरांनी वापरू नये.

मी तो कागद दोनदा वाचला आणि फ्रिजवर चिकटवला. मला त्यात काही खटकलं नाही. हे लिहिलं नाही तर बाकीचं सगळं खोटं होईल. मला वाटलं, परदेशी माणसांचं असंच असेल.

आमच्या सगळ्या भांड्यांवर बाबांचं नाव कोरलेलं आहे. पाहुणीसाठी आईनं नवीन ताट, वाटी, गिलास आणला, त्यावर नाव नव्हतं. ओळखू यावा म्हणून मी गिलासाच्या बुडाशी लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला आणि तिन्ही भांडी वरच्या फळीवर ठेवली.

पाहुणी पोलंडची होती, माझ्याच वयाची. दोन दिवसांत तिनं सूचनांचा निकाल लावला. आईचा ठेचा तिनं भाकरीला लावून खाल्ला, डोळ्यांतून पाणी काढलं आणि अजून मागितला. आई खूश. "पोरगी आपलीच हाय," म्हणायची. संध्याकाळी दोघी बेसनाच्या पातोड्या करायला बसायच्या. आई मराठीत बोलायची, ती तिच्या भाषेत, आणि भांडण कधी झालं नाही. पण वीस दिवस ती जेवली त्याच ताटात, प्याली त्याच गिलासातून. उष्टी भांडी ती स्वतःच धुऊन परत फळीवर ठेवायची. मी बघत होते.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आत्या आली. बाबांची मोठी बहीण. दीक्षाभूमीला जायचं म्हणून ती दरवर्षी गावाहून येते, आमच्याकडे उतरते आणि दुसऱ्या दिवशी पांढरं लुगडं नेसून आम्हाला सगळ्यांना सोबत घेऊन जाते. एसटीत उभी राहून आली होती. पिशवी टेकवली आणि थेट माठाकडे गेली. त्या दिवशी पाहुणीचा गिलास धुऊन खालीच पालथा घातलेला होता. आत्यानं तोच उचलून भरला.

"आत्या, तो नोको घेऊ वं," मी म्हणाले, आणि तो तिच्या हातातून काढून घेतला. भरलेला. थोडं पाणी तिच्या पायावर सांडलं.

"काहून? बिमार हाय का ते पोरगी?"

"नाही. तिचा येगळा ठेवला हाय. कॉलेजनं सांगतलं."

आत्या गिलासाकडे बघत राहिली. मग तिनं वाकून बूड पाहिलं.

"खूण बी केली का?"

मी गिलास माठाजवळ ठेवला.

"आम्ही मालकाच्या वावरात निंदाले जाऊ, तवा आमचा गिलास बाभळीले टांगून राहे. त्याले खूण नोती. बाभळीवरचा म्हनजे आमचा, येवढं सगळ्याईले समजे." ती खाली बसली. "तुह्या बापानं घर पक्कं बांधलं. आत बाभूळ कोनं लावली वं?"

बाबा दारात आले होते. "ताई, पानी पे आधी."

"नाही पेत."

पाहुणी बाजूला उभी होती, काय झालं म्हणून विचारत होती. माझं इंग्रजी अशा वेळी पळून जातं. जमेल तसं सांगितलं. ती आधी लाल झाली, मग म्हणाली, "मला वाटलं ही तुमची पद्धत आहे. म्हणून मी काही बोलले नाही. माझ्या आईलाही कळवलं, की इथे पाहुण्याला वेगळा गिलास देतात."

आमची पद्धत! वीस दिवस ती आमच्या घरात आमचा मान राखून वेगळी पीत होती.

तिच्याच देशातली एक मुलगी शहरातल्या जुन्या, बड्या वस्तीत माझ्या वर्गातल्या मुलीकडे राहत होती. पाहुणीनं तिला मेसेज केला. उत्तर लगेच आलं. तिथे कागद नव्हता. तिथे ती हाताला येईल त्या गिलासातून पाणी पीत होती. मी वर्गातल्या मुलीला फोन केला. "कसला कागद गं?" ती म्हणाली. आणि हो, मॅडम त्यांच्याकडेही आल्या होत्या. चहा घेऊन गेल्या. पोहेसुद्धा.

मी तो भरलेला गिलास उचलला आणि आत्यासमोर घटाघटा प्याले.

"आता पिऊन काय दाखवतं?" आत्या म्हणाली. "वीस दिवस काहून नाही प्याली?"

मग ती शांतपणे म्हणाली, "त्या बाईले विचार. तू विचारशीन, मंग मी ह्या घरचं पानी पेईन." आणि पिशवी जवळ ओढून, "पन तू नाही विचारनार. तुले इमानात बसाचं हाय." विमानाला ती इमानच म्हणते.

रात्री ती शेजारच्यांकडे जेवली. आईनं केलेली खीर तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी दीक्षाभूमीला तिनं पाण्याच्या स्टॉलवर अनोळखी पोरांनी दिलेलं पाणी पोटभर पिऊन घेतलं, रांगेत बसून पुरीभाजी खाल्ली आणि आपल्या पानातली एक पुरी मोडून अर्धी पाहुणीच्या हातात ठेवली. "हिच्यावर राग नाही माहा," आईला म्हणाली. माझ्याकडे पाहिलं नाही. तिथूनच एसटी स्टँडवर गेली.

मला विचारायला पाच दिवस लागले. रोज मॅडमच्या केबिनपर्यंत जायचे आणि परत यायचे. परदेशी जाणाऱ्यांची यादी त्याच करणार होत्या. आत्यानं ओळखलं होतं, आणि तिनं ओळखलं याचाही मला राग येत होता.

शेवटी त्यांनीच बोलावलं. एक फॉर्म भरायचा होता. त्यात एक प्रश्न होता: यजमान कुटुंबाने सर्व सूचना पाळल्या का?

"मॅडम," मी म्हणाले, "तो सूचनांचा कागद बाकीच्यांना का नाही दिला?"

त्यांनी चष्मा काढला. "अगं, स्वच्छतेसाठी होतं ते. तुमच्याकडे कसं असतं, आम्हाला माहीत नव्हतं ना."

"तुम्ही आमच्याकडे आल्या होतात. घर पाहिलं होतं."

"इतकं मनावर नको घेऊ. पुढे जायचंय तुला."

मला खूप काही बोलायचं होतं. आईच्या हातातला ट्रे, आत्याच्या पायावर सांडलेलं पाणी. एकही वाक्य जुळेना. मी पेन घेतलं आणि त्या प्रश्नापुढे लिहिलं: हो, मी पाळल्या. पाळायला नको होत्या. असा कागद फक्त आमच्याच घरी दिला होता. खाली सही केली. मॅडमनी वाचलं आणि फॉर्म पालथा ठेवला.

बाहेर येऊन जिन्यातच आत्याला फोन लावला.

"विचारलं."

"काय म्हनली?"

"मनावर घेऊ नोको म्हने."

"मंग?"

"मी घेतलं म्हटलं. म्हंजे, तोंडानं नाही. लिहून देल्लं."



"तुहं इमान गेलं का मंग?"

"माहीत नाही. यादी लागाची हाय."

"लागू दे." मग तिचा आवाज नेहमीसारखा झाला. "आईतवारी येतो. माठ धुऊन ठेवजो. मांगच्या खेपेले पानी कोमट होतं, मी पेलो नाही तरी हाताले समजलं मले."