टेबलाचा राखीव कोपरा

फोटो स्टुडिओवाल्या काकांनी टेबलाचा एक कोपरा नव्या छोट्या कॉम्प्युटरसाठी राखून ठेवला होता. तिथे कप टेकवायचीही कुणाची टाप नव्हती. जुना कॉम्प्युटर फोटो उघडेपर्यंत गिऱ्हाइकाची दाढी वाढायची, पण काका नवा न घेता हटून बसले होते. पुढच्या मॉडेलमध्ये म्हणे मेमरी वाढवता येणार होती.

अखेर ते मॉडेल आलं, आणि त्याचीही मेमरी आत कायमची चिकटवलेली निघाली.

“मग त्याच्या पुढचं बघू,” काका म्हणाले.

काकूंनी आपलं लग्नाआधीचं शिवणयंत्र आणून त्या कोपऱ्यात ठेवलं. “याची सुई बदलते, पट्टा बदलतो, मागाहून मोटरही बसवली.”

काकांनी यंत्र चहूबाजूंनी न्याहाळलं.

“तेव्हा घाई केलीस,” ते हळहळले. “जरा थांबायचं होतंस, मोटरवालं मॉडेल आलंच असतं.”