खराब माईक

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही. रेहानाला तर — तिला कोणत्या तोंडाने सांगणार?

नंदुरबारला आम्ही दोघी इंग्रजी बोलायच्या क्लासला जायचो. ती खांडबाऱ्याहून रेल्वेने यायची. तिचे वडील शिलाईकाम करायचे. कॉम्प्युटरसमोर बसून हेडफोन लावायचा, पडद्यावरचं वाक्य माईकमध्ये म्हणायचं. उच्चार जमला की शब्द हिरवा, चुकला की लाल. माझं 'झिरो' कितीतरी दिवस लालच. रेहानाचं पहिल्याच फटक्यात हिरवं. मला तो उच्चार तिनेच शिकवला — जीभ कुठे ठेवायची ते आ करून दाखवत, हसत हसत.

मग एका दवाखान्यात फोनवर बोलायची जागा निघाली. एकच. क्लासातल्या कॉम्प्युटरचे गुण बघून निवड होणार होती.

परीक्षेच्या सकाळी मी लवकर पोहोचले. कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर 'गुड मॉर्निंग' म्हटलं — लाल. पुन्हा म्हटलं — लाल. माईक हलवला तर नुसती खरखर. सरांना हाक मारायची, एवढंच तर होतं. का नाही मारली? मी गुपचूप शेजारच्या खुर्चीत सरकले. बाकीच्या खुर्च्या भरल्या. गाडी उशिरा आल्यामुळे रेहाना धापा टाकत आली, आणि मी — मीच हात केला. "ये, तुन्हाकरता जागा धरेल शे."

परीक्षा सुरू झाली. तिचा पडदा लालच लाल. हेडफोन सरकवून तिने मला विचारलं, "काब लाल व्हई ऱ्हायनं वं?"

तेव्हा तरी सांगता आलं असतं ना? आलं असतं. मी म्हणाले, "घाबरू नको, हळू बोल."

ती हळू बोलत राहिली.

नोकरी मला लागली. पेढे तिने आणले. क्लास मात्र सोडला — मशीन कशाला खोटं बोलेल, म्हणाली.

अजूनही तिचं नाव मोबाईलवर दिसलं की पहिला विचार तोच येतो — कळलं असेल का? पण तिचं काम वेगळंच असतं. तिची मुलगी इंग्रजी शाळेत आहे. "तूच बोल बाईंसंगे, मन्ही जीभ जड शे."

मी बोलते. परवाही बोलले. बाई म्हणाल्या, एकदा आईलाच बोलू द्या ना.

मी म्हणाले, तिला जमत नाही.