ऐन साखरपुड्यात वस्तीची वीज घालवली

हसणार नाही म्हणता? बघू या. पण हातातला चहा आधी संपवा, उगाच सांडेल.

तर आमचं काम असं. जमिनीखाली खोलवर उष्णता असेल, तर तिच्यावर वीज करता येते. कोकणात गरम पाण्याचे झरे आहेत, तसं घाटाच्या अलीकडे काही सापडतंय का, ते आम्ही शोधत होतो. त्यासाठी एक चुंबकी नळी पुरायची, तारा पसरायच्या, जमिनीत आपोआप वाहणारी बारीक वीज मोजायची आणि लॅपटॉपवर रेघ बघत बसायचं. आसपास मोटार-बिटार चालू नको.

वेल्ह्याकडच्या एका वस्तीत हौसामावशींनी त्यांचं रान दिलं. बाई भारी मायेची! मी नळीशेजारी राखणीला बसलो, तर लगेच घरून खाट धाडली.

"खाली नगा बसू सायेब, मुंग्या हायत."

मी ऐसपैस आडवा झालो. आणि रेघेनं उडी मारली!

"मावशी, कुणाची मोटार चालू आहे का?"

"बंद कराय लावते की!"

मोटार बंद. मी कूस बदलून बघतो तर रेघ आणखी उंच! मग पिठाची गिरणी बंद. मग रानडुकरांसाठी कुंपणाला लावलेलं झटका मशीन बंद. रेघेचा थयथयाट चालूच! आमचं मोजायचं यंत्र संध्याकाळी दुसऱ्या गावी न्यायचं होतं, म्हणजे आज जमलं नाही तर ही जागा कायमची हुकली. शेवटी वायरमनच्या हातापाया पडून अख्ख्या वस्तीची वीज घालवली.

आणि दिवस कुठला? मावशींच्या लेकीच्या साखरपुड्याचा! स्पीकर मुका, मिक्सर गार. बायकांनी अडगळीतून पाटा-वरवंटा काढला.

"आमच्या रानातनं चार लोकांच्या भल्याचं कायतरी निघत आसंल," मावशी म्हणाल्या, "तर एक दिस वाटू की पाट्यावर!"

मला अगदी भरून आलं. भरून येऊन मी खाटेवर बसलो, आणि रेघ पुन्हा उडाली.

"कुणीतरी चोरून इन्व्हर्टर लावलाय!" मी ओरडलो. त्यात आंबवड्याहून पाहुण्यांचा टेम्पो आला. तो मी वळणावरच अडवला. इंजिन बंद! नवरदेवाकडच्या बायका भर उन्हात भरजरी साड्या सावरत चालत आल्या. काय बघत होत्या माझ्याकडे!

घरात बसायला जागा पुरेना, म्हणून मावशींनी दोघांना पाठवून खाट परत मागवली. खाट गेली. आणि रेघ? पट्टीनं आखल्यासारखी सरळ!

आता पडला का उजेड डोक्यात? खाट लोखंडी होती हो! मी कूस बदलली की खाट हलायची, खाट हलली की शेजारची चुंबकी नळी भडकायची. आणि मी सगळ्या वस्तीला दोष देत सुटलेलो!

मोजमाप उरकलं, वीज आली, स्पीकर वाजला. मी मान खाली घालून मावशींना खरं काय ते सांगितलं. त्या पदरात तोंड लपवून हसल्या. तेवढ्यात व्याह्यांनी विचारलं, "ह्ये टेम्पो अडवणारं कोण वो?"

"ह्ये व्हय? पुण्याचं सायेब. लई हुशार!" माझ्या हातात शिऱ्याची बशी देत मावशी म्हणाल्या. "जमिनीखाली कोसभर काय हाय त्ये समदं दिसतं त्यास्नी. बुडाखालचं तेवढं न्हाई दिसत."