हीलियमच्या दोन वाटा

मी तासगावच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवते. चाळिशी जवळ आल्यावर पीएचडीला नाव घातलं. गाईड साताऱ्याचे, त्यामुळे एक शनिवार सोडून सकाळची एसटी धरायची, दुपारभर सरांसमोर बसायचं आणि दिवेलागणीला घरी यायचं, असा क्रम लागला.

विषय असा होता. हीलियमचे अणू स्फटिकाच्या स्वच्छ पृष्ठभागावर सोडले, तर ते वाटेल तसे उडत नाहीत, ठरावीक कोनांतच परततात. अणू लाटेसारखाही वागतो, म्हणून हे घडतं. याचं पूर्ण गणित पुंजभौतिकीनं होतं, पण ते फार अवजड. मला निम्म्या जुन्या रीतीनं करायचं होतं. अणूची वाट चेंडूसारखी काढायची आणि तिला लाटेचा हिशेब जोडायचा. पृष्ठभाग मी पन्हाळी पत्र्यासारखा धरला होता. अशा पत्र्यावरून एकाच कोनात परतणाऱ्या दोन वाटा असतात, एक फुगवट्यावर आपटून येणारी आणि एक खळग्यातून. दोन्हींच्या लाटा मिळवल्या की सोडलेल्या अणूंपैकी किती हिस्सा त्या कोनात येईल ते कळतं.

दुसऱ्या वर्षी पीएचडीचं काम तपासणाऱ्या समितीसमोर ते मांडलं. त्यातले एक वयस्कर प्राध्यापक माझा तक्ता बराच वेळ बघत राहिले.

"मॅडम, सगळ्या कोनांतली उत्तरं कधी मिळवून बघितलीत?"

"नाही सर."

"मग आता मिळवा."

मी तिथंच कॅल्क्युलेटर काढला. बेरीज एक यायला हवी होती, ती बरीच वर गेली.

"म्हणजे तुम्ही सोडता त्याहून जास्त अणू परत येतायत," ते म्हणाले. खोलीत कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

बाहेर आल्यावर माझे गाईड सर म्हणाले, "आपण विषय बदलू या. पातळ थरांवरचं प्रयोगाचं काम आहे, दोन वर्षांत उरकेल. यात तुम्ही अडकून पडाल."

"चूक कुठं आहे ते कळल्याशिवाय मी सोडणार नाही, सर. मला सहा महिने द्या."

"चार देतो," ते म्हणाले.

घरी आले तर सासूबाई शेडमध्ये बेदाणा निवडत बसल्या होत्या. मी शेजारी टेकले.

"काय म्हनली ती मानसं?"

"चुकलंय म्हणाली."

"समदं?"

"कुठं चुकलंय तेच कळत नाही."

"मग हुडक की. माझ्या तोंडाकडं काय बगत बसलीस?"

दुसऱ्या दिवसापासून कॉलेजच्या आधीचे दोन तास मी कागदावर काम करू लागले. कॉम्प्युटरला हात लावला नाही. पहिला महिना वाया गेला. मी कोनांवर संशय घेत होते आणि कोन बरोबर होते. मग एके सकाळी एक मोठी पन्हळ काढली आणि तिच्यावर पट्टीनं वाटा आखत बसले. फुगवट्यावरून परतणाऱ्या वाटा फाकत गेल्या. खळग्यातून परतणाऱ्या मात्र वर येताना एकमेकींना छेदत होत्या, आणि असं छेदताना लाट तिच्या चढउताराच्या पाव फेरीनं सरकते. हे मी दरवर्षी पोरांना भिंगाच्या धड्यात शिकवते. हिशेब करणाऱ्या माझ्या कॉम्प्युटर प्रोग्रॅममध्ये मी दोन्ही वाटांना एकच नियम लावला होता. मला स्वतःची लाज वाटली.

ती दुरुस्ती करण्यात दुसरा महिना गेला. बेरीज उतरली, पण एकाच्या वरच राहिली. जादाचे अणू सगळे शेवटच्या कोनापाशी होते, ज्याच्या पलीकडे एकही वाट जात नाही. तिथं दोन वाटा एकमेकींत मिसळतात आणि साधं सूत्र अवाच्या सवा उत्तर देतं. दोघींना वेगळं धरून चालत नाही, दोघींचं मिळून एक सूत्र बसवावं लागतं. त्यात उरलेले दोन्ही महिने गेले. बेरीज एकाच्या अगदी जवळ आली तेव्हा मी ती तीनदा पुन्हा केली आणि मगच सरांना फोन लावला. ते म्हणाले, "शनिवारी सगळे कागद घेऊन या."

पुढं साताऱ्यातच समिती पुन्हा बसली, तेव्हाही तेच वयस्कर प्राध्यापक होते. या वेळी मी बेरजेनंच सुरुवात केली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण खरा स्फटिक पत्र्यासारखा टणक नसतो. जवळ येणाऱ्या अणूला तो आधी थोडा ओढतो, मग ढकलतो. त्याचं काय?"

"ते अजून येत नाही, सर. पुढच्या वर्षी मांडते."

त्यांनी मान हलवली आणि कागदावर सही केली. परतीच्या एसटीत खिडकीची जागा मिळाली. कराड यायच्या आत मी वहीत पहिली ओळ लिहिली: पत्रा मऊ आहे असं धरू.