सैल हात

"मॅडम, चित्रांत चूक एकही नाही," डॉक्टर म्हणाले. "तीच तर पंचाईत आहे."

हाताची ऑपरेशनं करणारे हे डॉक्टर माझे जुने क्लायंट. माझी बारा चित्रं त्यांनी तिसऱ्यांदा परत आणली होती. मी मेडिकल इलस्ट्रेटर आहे. म्हणजे डॉक्टरांच्या पुस्तकांत हाडं, स्नायू आणि टाके काढणारी बाई. सदाशिव पेठेत दोन खोल्यांचा स्टुडिओ आहे, त्याला सव्वीस वर्षं झाली.

काम छोटं होतं. बोट वाकवणारी एक दोरी हातात असते, तिला टेंडन म्हणतात. मशीनमध्ये हात सापडून ती तुटली, की डॉक्टर ती शिवतात. मग पेशंटनं घरी व्यायाम करायचा, पण अजिबात जोर न लावता. जोर लावला तर शिवण उसवते आणि बोट कामातून जातं. या व्यायामाची पुस्तिका हवी होती, वाचता न येणाऱ्यालाही कळेल अशी, फक्त चित्रांची.

"अँगल बरोबर आहेत. पण पेशंट चित्र बघतो आणि ताकद लावतो. परवा एकाला हात धरून थांबवावं लागलं."

"खाली लिहू का, जोर लावू नका म्हणून?"

"लिहा ना. ज्यांना वाचता येतं त्यांचीच ऑपरेशनं करत जाईन."

आमच्या धंद्यातली एक सवय सांगते. हात काढायचा असला, की आम्ही आपलाच डावा हात समोर धरतो. मॉडेल फुकट, आणि कधी सुट्टी मागत नाही. पुण्यातल्या कितीतरी डॉक्टरांच्या पुस्तकांत माझाच हात आहे, फक्त अंगठी काढलेला. या बाराही चित्रांत तोच होता.

माझ्या शेजारच्या टेबलावर स्नेहल बसायची. दीड महिन्यासाठी आलेली इंटर्न. फिजिओथेरपीची तीन वर्षं करून ती सोडून दिली आणि अप्लाइड आर्टला पुन्हा पहिल्या वर्षापासून बसली. वडील खडकीच्या फॅक्टरीत. एक वर्ष हौस झाली, आता परत जा, असं त्यांचं म्हणणं. जुनं कॉलेज तिला घ्यायला तयार होतं, फॉर्म शुक्रवारपर्यंत भरायचा होता. हा मंगळवार. तिची रेघ कच्ची होती. तू परत गेलीस तर बरं, असं मीही तिला सांगणारच होते. पहिल्या दिवशी मी तिला बजावलं होतं, "इथे फिजिओथेरपी बाजूला ठेवायची. नजर कोरी पाहिजे." तेव्हा मला ते फार शहाणपणाचं वाटलं होतं.

"मी बोलू का?" स्नेहलनं विचारलं. "चित्रातला हात सैल नाहीये. मॅडम समोर धरून काढतात ना, त्यामुळे तो धरलेलाच दिसतो."

मला राग आला. डॉक्टर मात्र पुढे सरकले.

"मॅडम, तुमचा हात द्या," स्नेहल म्हणाली. "कोपर टेबलावर. आता सोडून द्या."

"सोडलाय."

"नाही सोडलेला. अजून तुम्हीच धरलाय."

तीन-चार वेळा तिनं हेच सांगितलं. मग कधीतरी खरंच सुटला. तिनं माझं मनगट हळूच पुढे झुकवलं, तशी बोटं आपोआप उघडली. मागे झुकवलं, तशी ती आपोआप मिटली. मी काहीच करत नव्हते. वाचता वाचता तुम्हीही करून बघा. डॉक्टरांना हे पाठ होतं. मी मात्र सव्वीस वर्षं ज्याची चित्रं काढली, तो हात त्या दिवशी पहिल्यांदा पाहत होते.

"काढता येईल तुला?" मी विचारलं.

तिनं डोळे मिटून माझा हात क्षणभर तोलला आणि पेन्सिल घेतली. बाह्यरेषा काढलीच नाही. आधी हाताचं वजन कुठे पडलंय ते काढलं, मग मनगटाचा उतार, आणि बोटं सगळ्यात शेवटी, जेमतेम. रेघ अजूनही कच्चीच होती. पण चित्र बघता बघता माझे खांदे खाली आले. डॉक्टरांकडे पाहिलं, तर त्यांचा हात मांडीवर सैल पडला होता. असं काम मी कुणाचंच पाहिलं नव्हतं, माझंही नाही.

गुरुवारपर्यंत तिनं बाराही चित्रं नव्यानं काढली. शुक्रवारी सकाळी आम्ही ती घेऊन दवाखान्यात गेलो. चाकणला प्रेस मशीनवर काम करणारा एक माणूस होता, तीन बोटं शिवलेली. डॉक्टर शेजारीच उभे होते. स्नेहलनं त्याच्यापुढे चित्र ठेवलं, तोंडातून शब्द काढला नाही. त्यानं बराच वेळ पाहिलं. मग हात सोडला, मनगट झुकलं आणि बोटं उघडली.

"हे तर आपलं आपणच होतंय," तो म्हणाला.

स्नेहल बाहेर गेली. दारातून तिचं फोनवरचं बोलणं ऐकू आलं. "बाबा, फॉर्म नाही भरत मी. नाही, रागावून नाही. तुम्ही इकडे या, एक दाखवायचंय तुम्हाला."

पुस्तिका तीन आठवडे उशिरा गेली. त्यातले दोन आठवडे उत्तर माझ्यापासून चार फुटांवर बसून माझ्याच सांगण्यावरून गप्प होतं.