फुई आणि कुठंच न पोचणारी बोट

आमच्या फुईच्या तावडीतून कुणी गुपचूप बाहेरगावी गेलंय, असं कधी झालं नाही. जायला तिची ना नसे. खुशाल इंदूरला जा, अमेरिकेला जा, नाहीतर नुसतं गावातल्या शनवारा दरवाज्यापर्यंत जाऊन या. पण पोचल्यावर फोन करायचा. "पोचला की सांगजो," हे तिनं दारात उभं राहून म्हटल्याशिवाय चप्पल पायात घालायची सोय नव्हती. एकदा गॅसवाल्याला तिनं सहज विचारलं, आता कुठं जाशील? तो म्हणाला निंबोला. झालं! बाईनं त्याचाही नंबर घेतला. आणि गंमत म्हणजे त्यानं संध्याकाळी खरंच फोन केला, "पोहोच गया, माताजी." त्या दिवशी फुई चार घास जास्त जेवली.

फुई म्हणजे आत्या. आमच्या बुऱ्हाणपूरकडे आत्याला फुई म्हणतात. लग्नानंतर दोनच वर्षांत नवरा गेला म्हणून ती जसोंडीहून माहेरी परत आली, आणि पुढं आमची आई गेली तेव्हा मला आणि माझ्या धाकट्या भावाला, बंडूला, तिनंच पदराखाली घेतलं. तिला मूल नव्हतं, असं बाहेरचे म्हणत. घरात असं म्हणायची कुणाची हिंमत नव्हती. शाळेत पालकांच्या सभेला ती यायची आणि बाईंनी 'तुम्ही मुलांच्या कोण?' विचारलं की म्हणायची, "मीच ती."

मी मास्तरीण झाले आणि पहिल्यांदा निवडणुकीच्या ड्यूटीवर खकनारला गेले, तेव्हा फोनला रेंज नव्हती. तर या बाईनं कुठून तरी तिथल्या ऑफिसचा नंबर मिळवला. ती मला पोट्टी, म्हणजे पोरगी, म्हणायची आणि तिकडंही तिनं तेच नाव सांगितलं. साहेबांनी भर मीटिंग थांबवून विचारलं, "यात पोट्टी कोण आहे? तिच्या फुईचा फोन आहे, पोचली का म्हणून." मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. घरी येऊन मी जे तोंड सोडलं ते विचारू नका. फुईनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पण पोचली होती ना? मंग सांगाले काय झालं होतं?"

अशा बाईच्या नशिबी बंडूची बोट यावी!

बंडू नोकरीसाठी नॉर्वेला गेला. रेवाशी लग्न झालं, मिहू झाली, ओम झाला. दर उन्हाळ्यात लेकरांना घेऊन तो बुऱ्हाणपूरला यायचा आणि फुई महिनाभर आधीपासून केळीचे वेफर तळायला घ्यायची. त्या वर्षी मात्र त्यानं फोनवर सांगितलं की सेकंडहँड बोट घेतली आहे, शिडाची, आत झोपायला जागा आहे. उन्हाळाभर चौघं वर उत्तरेच्या किनाऱ्याकिनाऱ्यानं फिरणार. बुऱ्हाणपूरला ऑगस्टच्या शेवटी येऊ. मिहू तेव्हा सहा वर्षांची होती आणि ओम तीन.

फुईनं फोन तोंडाजवळ धरला. "कुठं पोचाचं हाये?"

"कुठंच नाही गं. नुसतं फिरायचं."

"असं कसं कुठंच नाई? मानूस निंघतो तो कुठं तरी पोचाले निंघतो."

"जिथं संध्याकाळ होईल तिथं थांबायचं, फुई. सकाळी पुन्हा पुढं."

फुईनं फोन माझ्या हातात दिला आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच डबे पुसत बसली. मला हसू येत होतं, पण तिचा चेहरा पाहून मी ते गिळलं. लहानपणी तापीच्या घाटावर तिनं आम्हाला गुडघ्याच्या वर पाणी येऊ दिलं नव्हतं. पुलावरून बस गेली तरी तिचे हात जोडलेले असायचे, आणि आमच्या मानगुटीवर दोन बोटं दाबून ती आम्हालाही नमस्कार करायला लावायची. आणि आता तिची नातवंडं समुद्रात!

दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा फोन लावायला लावला. "बोट केवढी हाये?" बंडू म्हणाला, आपलं स्वयंपाकघर आणि न्हाणीघर मिळून होईल तेवढी. "लेकरं पडले मंग?" बंडूनं सांगितलं की दोघांना जॅकेट असतात आणि वर आले की कमरेला पट्टा बांधून बोटीला अडकवतो. "वासरावानी?" फुईनं विचारलं. बंडू म्हणाला, अगदी तसंच. हे तिला बरंच पटलं. पुढं रोजच्या फोनवर तिचा पहिला प्रश्न असे, "बांधले का लेकरं?" मिहूही तिकडून ओरडायची, "बांधले, फुईआजी!" आमच्या गल्लीत नवीन राहायला आलेल्या एका बाईनं हे ऐकलं आणि तिचं तोंड जे उघडं पडलं ते मला फुईची सगळी कहाणी सांगूनच बंद करावं लागलं.

मग ते ओटीचं प्रकरण झालं. ते आठवलं की अजूनही मी एकटी हसते.

मी शाळेतून घरी आले तर ओसरीत बायकाच बायका. मध्ये फुई, नवं लुगडं नेसून, आणि समोर मावा जिलबीचा हा एवढा पुडा. मला बघताच ओरडली, "ये व! रेवाची ओटी हाये! सातवा लागला, आन् सांगितलं का मेल्यानं?"

रेवाला दिवस गेलेत? सातवा महिना? आणि ती बोटीत? बंडूचं डोकं फिरलंय का? मी विचारलं, कुणी सांगितलं? फुई म्हणाली, खुद्द बंडूचा फोन होता. आवाज तुटत होता, पण 'ओटी आहे' आणि 'सात' हे तिनं आपल्या कानांनी ऐकलं. सातव्या महिन्यात ओटी भरतात हे काय तिला कुणी शिकवायला हवं? ती तर दुपट्याला कापडही काढून बसली होती.

संध्याकाळी व्हिडिओ कॉल लागला. रेवा समोर उभी, जीन्समध्ये, काडीसारखी. फुईनं तिला वरून खाली पाहिलं, खालून वर पाहिलं. "पोट कुठं गेलं व तुझं?"

मग उलगडा झाला. बंडू म्हणाला होता, ओहोटी आहे, पाणी उतरलं म्हणून बोट चिखलात बसलीय, सात वाजेपर्यंत इथून हलता येणार नाही. नदीकाठच्या आमच्या फुईनं ओहोटी हा शब्द उभ्या जन्मात ऐकला नव्हता. ओटी मात्र तिनं अख्ख्या गल्लीच्या भरल्या होत्या. बंडू तिकडं हसून हसून बाकावर आडवा झाला. बायका पदर तोंडात धरून उठल्या आणि फुई चिडून म्हणाली, "मंग ओहोटी म्हनावं ना नीट, तोंड उघडून!" जिलबी मात्र कुणाकडून परत घेतली नाही.

सगळ्या गेल्यावर ती मला हळूच म्हणाली, "तिथलं पानी रोज निंघून जातं?"

"रोज. दिवसातून दोनदा."

"अन् परत येतं?"

"येतं."

"त्याले परत याले कोन सांगतं व?"

मी चंद्रसूर्याचं काहीबाही शाळेतल्यासारखं सांगितलं. तिचं लक्ष नव्हतं.

त्याच महिन्यात तिच्या पायांवर सूज आली. जिना चढताना ती मध्येच थांबायला लागली आणि विचारलं की म्हणायची, कठडा पुसतेय. डॉक्टरांनी तपासलं, मला बाजूला घेतलं आणि सांगितलं की हृदय फार थकलंय, या वयात ऑपरेशन झेपणार नाही, औषधं देऊ, पण घरच्यांना बोलावून घ्या. बोलावून घ्या! घरचे म्हणजे बंडू, आणि बंडू होता कुठल्या तरी बेटांच्या मधोमध. मी बाहेर आले तर फुई रिक्षात आधीच जाऊन बसलेली. रिक्षा सुरू झाल्यावर म्हणाली, "बंडूले सांगाचं नाई."

"फुई, काहीतरी बोलू नकोस."

"पान्यात हाये तो. लेकरं हायेत संगं. हे आयकून त्याचा हात थरथरला म्हंजे? जमिनीवर आला की सांगजो. तुले माझी शपथ हाये."

मी भांडले, रडले, दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. काही उपयोग झाला नाही. शपथ घालण्यात ती पटाईत होती आणि पाळण्यात मी मूर्ख. तरी मी बंडूला आडून आडून म्हणायची, "या ना रे लवकर, फुई वाट बघतेय." तो म्हणायचा, "बघतो ताई. वारा कसा आहे त्यावर आहे." माझा असा संताप व्हायचा! इथं ती जातेय आणि याला वाऱ्याचं पडलंय. पण त्याला तरी काय माहीत, असं म्हणून मी गप्प बसायची.

घरी ऑक्सिजनचं मशीन आणलं. ते दिवसभर घरघरायचं. पहिल्याच दिवशी बंडूचा फोन आला आणि त्यानं विचारलं, "आवाज कसला गं?" मी काही बोलायच्या आत फुई म्हणाली, "शेजारी लूम टाकले रे. डोकं उठवलं मेल्यायनं." बुऱ्हाणपुरात गल्लोगल्ली कापडाचे लूम चालतात, त्या आवाजाचं कुणाला नवल वाटणार? पुढं मात्र फोनच्या वेळी ती मशीन बंद करायला लावायची, नळी काढायची, केस विंचरून तोंडाला पावडर लावायची आणि भिंतीला टेकून बसायची. एका श्वासात मावेल एवढंच बोलायची. "बांधले का?" "खाल्लं का?" "बरं." बंडू म्हणायचा, "फुई, तू हल्ली कमी बोलतेस." त्यावर ती म्हणायची, "तूच लई बोलतो." फोन ठेवला की मी धावत जाऊन नळी लावायची. तिचे ओठ निळसर झालेले असायचे, आणि मी तिच्या नाकाशी ती नळी धरून नुसती बसून राहायची. दुसरं काय होतं माझ्या हातात?

मिहू एकदा पाण्यातला सील दाखवत होती. फुईला स्क्रीनवर फक्त करडं पाणी दिसत होतं. तरी ती म्हणाली, "दिसला, दिसला. लई गोड हाये." मग ओमनं आपला पट्टा ओढून दाखवला, हे बघ, घट्ट आहे. फुईनं स्क्रीनवर बोट ठेवलं, नेमकं त्याच्या कमरेवर, आणि फोन संपल्यावरही ते तसंच ठेवून बसली.

जुलैत एका सकाळी तिनं चहा मागितला. मी घेऊन आले तोवर ती गेली होती. मशीन चालूच होतं.

मी आधी बंडूला फोन लावला. लागेना. शेजारचे आले, काका-मंडळी आली, कुणी कुणाला कळवायला पळालं. मी लावतच होते. लागला तेव्हा मागून ओमच्या रडण्याचा आणि कसल्या तरी भोंग्याचा आवाज येत होता. मी कसंबसं म्हटलं, "बंडू... फुई रे..."

मग त्यानं विचारलं, "कधी?"

काय झालं, असं त्यानं विचारलं नाही.

"तुला माहीत होतं?" मी म्हणाले.

"फुईनंच सांगितलं. तू शाळेत असताना फोन केला होता तिनं. म्हणाली, ताईला कळू देऊ नको की तुला ठाऊक आहे. ती रडत बसेल आणि तू घाईनं बोट हाकशील, लेकरं आहेत सोबत. शपथ घातली गं."

फुईवर इतका राग मी आयुष्यात कधी धरला नव्हता. ती माझ्यासमोर त्याच्यासाठी हसत होती, मी त्याच्याशी तिच्यासाठी हसून बोलत होते, आणि तो तिकडं सगळं कळून आम्हा दोघींना सील दाखवत होता. तिघांनी मिळून एकमेकांना फसवलं आणि तिघांपैकी कुणालाच त्यानं काडीचा आराम मिळाला नाही.

"मी निघालो होतो, ताई," बंडू म्हणाला. "तेव्हाच बोट फिरवली. विमानतळाच्या गावाला यायचं होतं. वाऱ्यानं दोनदा परत पाठवलं. आता इथं धुकं आहे. फेरीबोटही बंद आहे. समोर बांधलेली बोटसुद्धा दिसत नाही गं मला."

मागून रेवाचा आवाज आला, ती मुलांना काहीतरी समजावत होती. बंडू रडत होता. तीन वर्षांचा असताना माझ्या फ्रॉकला धरून रडायचा, तसाच.

"थोडं थांबता येईल का?" त्यानं विचारलं.

मी दारातून बाहेर पाहिलं. पाऊस थांबून ऊन निघालं होतं. उकाडा असा की अंगाला कपडा चिकटत होता. अंगणात तिरडी बांधून झाली होती आणि काका माझ्याकडेच बघत उभे होते. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"नाही रे, बंडू," मी म्हणाले.

"बरं," तो म्हणाला. मग म्हणाला, "फोन ठेवू नको."

मी ठेवला नाही. तो तसाच हातात धरून मी तिरडीच्या मागून तापीपर्यंत चालत गेले.